उंच माणसाचा सेट आणि पाच फूट पाच इंचांचा खेळाडू

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजून उत्तर देतोय ते कळेल. वय ४६, उंची पाच फूट पाच इंच, उजव्या हाताने गोल्फ खेळता. दोन वर्षांपूर्वी बेळगावच्या कॅम्पातल्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून क्लबांचा (गोल्फच्या काठ्यांचा) पूर्ण सेट घेतलात. ते गृहस्थ सहा फुटांच्या वर आणि क्लब त्यांनी स्वतःसाठी अर्धा इंच लांब करून घेतलेले. आता तुमच्या आयर्नचे (मधल्या पल्ल्याच्या, धातूच्या पातळ हेडच्या क्लबांचे) फटके डावीकडे जातात आणि ड्रायव्हरचे (सर्वांत लांब मारायच्या क्लबाचे) उजवीकडे. तेरा-चौदा होल झाले की हात भरून येतात. तेव्हा पुण्याला किंवा बेंगळुरूला जाऊन मापाचे क्लब करून घ्यावेत, की वर्षभर शिकून मग बघावं, की उद्यमबागेत मशीन शॉप असलेल्या मित्राकडून आहेत तेच कापून-वाकवून घ्यावेत? शिवाय बारा वर्षांच्या मुलीसाठी काय घ्यायचं, हेही विचारलंय.

मी क्लब फिटिंगचं, म्हणजे खेळाडूच्या मापाचे क्लब करून देण्याचं काम करतो. आधी बरीच वर्षं पुण्यात एका दुकानात केलं, आता टिळकवाडीत घरीच बेंच टाकलंय. माझं पोट यावर चालतं, तेव्हा "फिटिंग कराच" असं मी कुठे म्हणालो तर ते थोडं गाळून घ्या.

"आधी शिक्षण की आधी माप" यावर आपल्याकडे नेहमी दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, स्विंग बसला नसताना माप घेणं म्हणजे पैसे पाण्यात. दुसऱ्याचं, क्लबच बेमापी असेल तर स्विंग बसणार कसा? दोघंही सगळी मापं एकाच गाठोड्यात बांधतात, म्हणून हा वाद मिटत नाही. तळहात, बोटं, मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर ही तुमच्या शरीराची मापं. ती आता बदलायची नाहीत. क्लबहेडचा वेग, क्लब चेंडूवर वरून येतो की खालून, फेस (क्लबाची चेंडूला लागणारी बाजू) किती उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहतो ही स्विंगची मापं. बऱ्या प्रशिक्षकाकडे चार महिने गेलात तर ती ओळखू येणार नाहीत इतकी बदलतील. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: शरीराची मापं आजच नीट करून घ्या, स्विंगच्या मापांवर आज मोठा पैसा लावू नका.

तुमची चूक कुठल्या जातीची आहे हे मात्र आधी बघायला हवं. तुम्हीही कारखान्यातलेच दिसता, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. लेथवरचा जॉब दर वेळी तेवढाच जास्त निघत असेल तर सेटिंग चुकलंय. कधी जास्त, कधी कमी निघत असेल तर मशीनमध्येच प्ले आहे. सात नंबरच्या आयर्नने वीस चेंडू मारा आणि कुठे पडले ते कागदावर टिंबांनी मांडा. बहुतेक टिंबं एकाच बाजूला गोळा झाली तर क्लबाचं माप तपासण्यात अर्थ आहे. चहूकडे विखुरली तर फिटिंगचे पैसे शिकवणीला द्या. तुम्ही लिहिलंय की आयर्न "जवळपास नेहमीच" डावीकडे आणि शॉर्ट आयर्न (आठ-नऊ नंबरचे) "त्याहून जास्त" डावीकडे जातात. हे दुसरं वाक्य फार कामाचं आहे.

आयर्न डावीकडे आणि ड्रायव्हर उजवीकडे, म्हणून तुम्हाला वाटतंय की तुमच्यात दोन उलट्या चुका आहेत. तसं असेलच असं नाही. लाय म्हणजे क्लब टेकवल्यावर शाफ्टचा (दांड्याचा) जमिनीशी होणारा कोन. उंच माणसासाठी लांब केलेला आणि उभ्या लायचा आयर्न बुटक्या माणसाने धरला की हात खाली येतात आणि क्लबाचा टो (हेडचं खेळाडूपासून लांबचं टोक) वर उचलला जातो. टो वर उचललेला फेस उजव्या हाताच्या खेळाडूसाठी डावीकडे बघतो, आणि लॉफ्ट (फेसचा मागे कलण्याचा कोन) जितका जास्त तितका जास्त डावीकडे. समजा लाय ३ अंशांनी जास्त उभा आहे. ४१ अंशांच्या नऊ नंबरचा फेस त्यामुळे अडीच अंशांहून थोडा जास्त डावीकडे वळतो. सव्वाशे यार्डांवर हे पाच-सहा यार्ड होतात, म्हणजे ग्रीनऐवजी बंकर. १० अंशांच्या ड्रायव्हरवर त्याच ३ अंशांचा परिणाम अर्ध्या अंशाएवढा. म्हणजे लायची चूक ड्रायव्हरमध्ये जवळजवळ दिसतच नाही. तिथे तुमचा स्वतःचा उघडा फेस दिसतो, आणि कमी लॉफ्टमुळे तो लपतही नाही.

यात एक धोका आहे, आणि शिकणं पुढे ढकलू नका असं मी त्यासाठीच म्हणतो. आयर्न डावीकडे जातात हे शरीर पटकन शिकतं. मग ते नकळत फेस थोडा उघडा ठेवून भरपाई करायला लागतं. तोच उघडा फेस ड्रायव्हरवर आला की स्लाइस, म्हणजे चेंडू उजवीकडे वळतो. तुमच्या बाबतीत असंच झालंय असं न बघता सांगता येणार नाही. पण उंच माणसाचे क्लब वापरणाऱ्यांत ही जोडी मी पुष्कळदा बघितली आहे.

लाय घरच्या घरी तपासता येतो. व्हाइटबोर्डचा मार्कर घ्या आणि चेंडूवर जाड उभी रेघ काढा. ती रेघ क्लबाकडे तोंड करून, अगदी सरळ उभी ठेवा आणि नेहमीसारखा फटका मारा. रेघेचा ठसा फेसवर उमटतो. फेसवरच्या खाचा आडव्या धरून बघा. ठसा सरळ उभा असेल तर लाय ठीक. ठशाचा वरचा भाग टोच्या बाजूला झुकला असेल तर क्लब तुमच्यासाठी जास्त उभा आहे, हीलच्या (शाफ्टजवळच्या) बाजूला झुकला असेल तर जास्त सपाट. एका फटक्यावर विश्वास ठेवू नका; दहाएक मारा, त्यातले नीट मध्यावर लागलेले तेवढेच धरा. चेंडूसमोर नुसतं उभं राहून टो किती वर आहे हे बघण्यात अर्थ नाही. फटक्याच्या क्षणी हात थोडे वर येतात, शाफ्ट थोडी खाली वाकते आणि टो आपोआप खाली जातो. उभं असताना टो थोडा वर दिसणं हे बरोबरच आहे.

ठसा टोच्या बाजूला झुकलेला निघाला तर कापण्या-वाकवण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. आयर्न अर्धा-पाऊण इंच खाली धरून महिनाभर खेळा. अर्धा इंच लांबी कमी झाली की लाय साधारण १ अंशाने सपाट झाल्यासारखा वागतो. डावीकडचं जाणं थोडं कमी झालं, फटका फेसच्या मध्याजवळ यायला लागला, तर निदान बरोबर आहे आणि पुढचा खर्च डोळे उघडे ठेवून करता येईल.

आता तुमचे उद्यमबागेतले मित्र. क्रँकशाफ्ट घासून काटेकोर माप आणणाऱ्या माणसाला क्लब काय मोठा, असं वाटणं साहजिक आहे, आणि अर्धं काम ते खरंच करू शकतात. स्टीलची शाफ्ट कापायची असेल तर पाइप कटरने, आणि ग्रिपच्या बाजूने, हेडच्या बाजूने कधीच नाही. ग्रॅफाइट असेल तर पाइप कटर लावू नका, तंतू फाटतात. टेप गुंडाळून बारीक दाताच्या हॅक्सॉने कापा. अर्धा इंच कापलात की स्विंगवेट (फिरवताना जाणवणारा हेडचा जडपणा) ३ पॉइंटांनी खाली येतं, म्हणजे हेड हलकं वाटायला लागतं. हेडला २ ग्रॅम शिशाची पट्टी लावली की १ पॉइंट परत मिळतो, तेव्हा अर्ध्या इंचामागे ६ ग्रॅम. पण हात भरून येण्याची तुमची तक्रार बघता मी आधी काहीच लावणार नाही. पंधरा दिवस हलकं हेड खेळून बघा.

वाकवायचं काम मात्र त्यांना देऊ नका. मित्राच्या हातांवर माझा विश्वास आहे, बेंचवरच्या व्हाइसवर नाही. लाय वाकवायला हेड तळापासून पक्कं धरणारं वेगळं फिक्स्चर लागतं, त्यावरच कोन मोजायची सोय लागते आणि होझलवर (हेडमध्ये शाफ्ट बसते त्या नळीवर) बसणारी खास पट्टीची दांडी लागते. व्हाइसमध्ये धरून पाइप घालून ओढलंत तर होझलला खाचा पडतात, आणि लाय वाकवताना लॉफ्टही कधी सरकला ते कळत नाही. गरम तर अजिबात करू नका. शाफ्ट हेडमध्ये एपॉक्सीने चिकटवलेली असते, ती सैल पडेल. हेड कशाचं आहे यावरही बरंच अवलंबून आहे. मऊ कार्बन स्टीलचं फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं) हेड २-३ अंश सहज वाकतं. कास्ट (ओतीव) स्टेनलेसचं, विशेषतः १७-४ जातीचं, फार कडक असतं. १-२ अंशांपुढे मी हात लावत नाही. तुमचं हेड कुठलं ते मॉडेलच्या नावावरून कळेल. समजा ठशावरून चूक ३ अंशांची निघाली, तर त्यातला १ अंश अर्धा इंच कापण्यात जाईल आणि २ वाकवण्यात. फोर्ज्ड असेल तर प्रश्न मिटला. कास्ट असेल तर २ अंश ही हद्द आहे. वाकवणाऱ्याने नाही म्हटलं तर त्याचं ऐका.

हात भरून येण्याचं कारण मला शाफ्टच्या वजनात दिसतं. फौजी खेळाडूंच्या जुन्या सेटमध्ये बहुधा जड स्टील असतं. ट्रू टेंपरची डायनॅमिक गोल्ड घ्या, न कापलेली शाफ्ट १३० ग्रॅमच्या आसपास. हलकं स्टील ९५ ग्रॅमच्या आसपास मिळतं आणि आयर्नसाठीचं हलकं ग्रॅफाइट ६० ते ८०. शाफ्टवर एस (ताठ) लिहिलंय की आर (मध्यम), याचीच चर्चा जास्त होते, पण त्या अक्षराला सगळ्या कंपन्यांत एकच अर्थ नाही. एका कंपनीची आर दुसरीच्या एसइतकी ताठ निघते. सेहेचाळीसाव्या वर्षी आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या माणसाने आधी वजन बघावं, अक्षर नंतर. शेवटच्या चार होलांत चेंडू वेगळ्याच बाजूला जायला लागतात का, तेही लक्षात ठेवा. जात असतील तर वजनाचा संशय पक्का.

ग्रिप सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. डाव्या हाताने क्लब धरल्यावर मधलं बोट आणि अनामिका तळहाताला हलकी टेकली पाहिजेत. रुतत असतील तर ग्रिप बारीक, टेकतच नसतील तर जाड. सहा फुटी माणसाच्या ग्रिप तुम्हाला जाड असण्याची शक्यता जास्त. जाड ग्रिपमुळे मनगट उशिरा फिरतं आणि चेंडू उजवीकडे जातो असं म्हणतात. माझ्या अनुभवात हे सगळ्यांना सारखं लागू होत नाही, पण जाड ग्रिप आवळून धरल्याने हात दुखतात हे मात्र नक्की. ग्रिप बदलणं तुम्ही स्वतः करू शकता: जुनी कापून काढा, दुहेरी चिकटपट्टी लावा, टर्पेंटाइन ओता, नवी सरकवा आणि रात्रभर वाळू द्या. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात खेळणार असाल तर दोऱ्याची वीण असलेली रबर ग्रिप घ्या. गुळगुळीत ग्रिप ओली झाली की माणूस आवळतो, आणि मग वरचं सगळं माप वाया.

ड्रायव्हरवर आत्ता मोठा खर्च करू नका. तो पूर्णपणे स्विंगवर अवलंबून असलेला क्लब आहे आणि तुमचा स्विंग बदलणार आहे. तुमच्याकडचा ९ अंशांचा, एक्स (अति ताठ) शाफ्टचा ड्रायव्हर बाजूला ठेवा. तो तुमच्या वेगाचा नाही. लॉफ्ट बदलता येणाऱ्या होझलचे ड्रायव्हर २००९ च्या आसपासपासून बाजारात आहेत, त्यातला १०.५ किंवा १२ अंशांचा, आर शाफ्टचा एखादा जुना घ्या आणि सुरुवातीला जास्त लॉफ्टवर ठेवा. लॉफ्ट वाढला की बॅकस्पिन वाढतो आणि बाजूचं वळण तेवढ्या जोरात दिसत नाही. एक इंच खाली धरा. दुकानातले ड्रायव्हर साडेपंचेचाळीस इंचांच्या आसपास असतात, आणि ती लांबी यार्ड विकायला चांगली असली तरी चेंडू मध्यावर लावायला वाईट. होझल फेरी सुरू असताना फिरवायचा नाही, नियमात बसत नाही. आधी फिरवून मग टी ऑफ करा.

तरीही पुण्याला किंवा बेंगळुरूला जायचंच असेल, तर कधी? माझं मत: चार-सहा महिने शिकल्यावर, टिंबं कागदावर गोळा व्हायला लागली की. तुम्ही आठवड्यातून एकदा खेळता असं लिहिलंय, म्हणून मी जा म्हणतोय. महिन्यातून एकदा खेळणारा असता तर वरची डागडुजी पुरे म्हटलं असतं.

जाताना बेंगळुरूच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी थेट फिटिंगला उभे राहू नका. आखडलेल्या पाठीचा स्विंग मोजला जातो आणि तोच पुढची पाच वर्षं तुमच्या गळ्यात. आदल्या दिवशी पोहोचा. स्वतःचे क्लब आणि तुम्ही खेळता तेच चेंडू न्या. रेंजचे चेंडू वेगळे उडतात आणि स्पिनचे आकडे फसवतात. साठ-सत्तर चेंडूंनंतर थकवा मोजला जातो, स्विंग नाही, तेव्हा "अजून एक शाफ्ट बघू" ला नाही म्हणायची तयारी ठेवा. मॅटवर चेंडूमागे क्लब पडला तरी तो घसरून चांगला आकडा देतो. शक्य असेल तर गवतावर मारू देणारी जागा निवडा.

आणि एक गोष्ट विचाराच: तुमच्या सात नंबरचा लॉफ्ट किती आणि नव्याचा किती? जुन्या सेटमध्ये सात नंबर ३५ अंशांच्या आसपास असतो, आजच्या लांब पल्ल्याच्या सेटमध्ये ३० किंवा त्याहून कमी. तो आकडा न सांगता "बघा, पंधरा यार्ड वाढले" म्हणणारा माणूस तुम्हाला जुना सहा नंबर सात लिहून विकतोय. फिटरकडे एकाच कंपनीची हेड आहेत की अनेक, फिटिंगची फी ऑर्डरमधून वजा होते का, आणि ऑर्डर न देता मापाचा कागद मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारा. कागदावर लांबी, लाय, लॉफ्ट, शाफ्टचं नाव-वजन, ग्रिपची जाडी आणि स्विंगवेट, एवढं असलं पाहिजे. सेट आल्यावर तो कागद समोर धरून मोजून घ्या. कारखान्यातून एखादा अंश इकडेतिकडे होऊन येणं नवलाचं नाही.

उंचीचाही हिशोब ठेवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, बेंगळुरू ९०० च्या वर, पुणे साडेपाचशेच्या आसपास. हवा विरळ असली की चेंडू लांब जातो; गोव्यात जेवढा जातो त्याहून आपल्याकडे तीनेक टक्के जास्त. म्हणून बेंगळुरूत मिळालेले यार्डांचे आकडे घरी आल्यावर थोडे कमी भरले तर फिटरने फसवलं असं समजू नका. दोन क्लबांतलं अंतर बरोबर राहिलं की झालं.

वेजबद्दल (जवळून चेंडू उंच उचलायच्या क्लबाबद्दल) तुम्ही विचारलं नाही, पण आपल्या जमिनीत तो मुद्दा येतोच. पावसात माती लोण्यासारखी मऊ, एप्रिल-मेमध्ये जांभा दगडासारखा टणक. मऊ जमिनीला १२-१४ अंशांचा बाउन्स (वेजच्या तळाचा जमिनीशी कोन) बरा, टणक जमिनीवर तोच वेज उसळून चेंडूच्या पोटात लागतो. दोन सँड वेज बाळगायचे नसतील तर १० च्या आसपासचा एक घ्या. दुकानातल्या मॅटवर बाउन्स कळत नाही, तेव्हा हा निर्णय फिटरवर न सोडता इथल्याच जमिनीवर मारून घ्या.

राहिली मुलगी. तुमचे जुने क्लब कापून तिला देऊ नका. कापलेली शाफ्ट आणखी ताठ होते, हेड तिच्यासाठी जडच राहतं, आणि तो जड क्लब उचलायला ती खांदे आणि पाठ वापरायला शिकते. उंचीनुसार विकला जाणारा मुलांचा छोटा सेट घ्या: एक वूड, दोन-तीन आयर्न, वेज आणि पटर, एवढे पुरतात. मापाचे वगैरे काही नको. ती उंच होईल तसा सेट बदलेल, आणि ओळखीत कुणाची मुलं वाढली असतील तर त्यांचा जुना सेट आधी विचारा.